न फवारलेली ओळ

सासवडच्या बसमध्ये
मांडीवरच्या कॅनला समुद्राचा वास येत होता.
शेजारच्या बाईनं नाक मुरडलं, मग राहवेना,
"सुकट का गं?"
"औषध आहे. झाडांचं."
"बरी खातात झाडं असलं!"

घाटात झाकण जरा सैल झालं असावं.
शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं
मी ज्याला अर्क क्रमांक सात म्हणते,
त्याला आमच्या मिऱ्याच्या वाडीत नावच नव्हतं.
जाळ्यात आलं की बाबा एक शिवी हासडायचे,
तेच त्याचं बारसं.
ओहोटीला पायांत गुंतायचं,
तपकिरी, बुळबुळीत, अंगभर बारके फुगे.
आम्ही पोरं ते टाचेखाली फोडायचो.

दिव्याला उतरले.
सगुणाकाकूंच्या अंजिरांवर तांबेरा.
पान उलटं केलं की बोटाला पूड लागते.
"ना हळद, ना कुंकू," काकू म्हणाल्या,
"मधलंच काहीतरी.
खट्ट्या बहाराला नेमकं येतं,
पाहुण्यासारखं, पंगत बसली की."

मी सांगितलं, काकू, हे कुणाला मारत नाही.
बुरशीला हातसुद्धा लावत नाही.
पानाला फक्त सांगतं, कुणीतरी येतंय.
पुढचं पान बघून घेतं.
"म्हणजे राखणीचं कुत्रं."
हो. पण नुसतं भुंकणारं.

पंधरा लिटरचा पंप, पंचेचाळीस मिली.
पानाच्या पाठीला, ऊन चढायच्या आत.
आणि चौथ्या ओळीला साधं पाणी.
"ते का?"
वाचलं तर कशानं वाचलं, कळायला नको?
काकू त्या ओळीकडे बघत राहिल्या.
"तूच निवडलीस?"
नाही, चिठ्ठी टाकली.
"मग असू दे. चिठ्ठीवर रागावता येत नाही."

एकवीस दिवस मी ठिपके मोजले.
भिंग, वही, मानेला रग.
पहिल्या ओळीत थोडे.
दुसरीत त्याहून थोडे.
तिसरी बिघडली, का ते मला अजून कळलेलं नाही,
वहीत तसंच लिहिलंय.
चौथीत पोहोचले
आणि पान हातात धरून थांबले.
ठिपके होते, पण असायला हवे होते तितके नव्हते.
खाली वाकले.
बुंध्याच्या मातीला
मिऱ्याच्या सकाळचा वास.

काकू दंडावर उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
"ड्रम विसळलेलं पाणी होतं गं. टाकायचं कुठं?
घातलं दोन तांबे. पानांवरही शिंपडलं जरासं.
तीन जणींना वाढायचं
आणि चौथीला नुसता तांब्या दाखवायचा,
हे काही जमेना."

मला ओरडायचं होतं.
बाहेर आलं ते एवढंच, "किती वेळा?"
"तू आलीस तितक्या वेळा."

वहीत लिहिलं: चौथी ओळ बाद.
पेन चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.
पुढच्या बहाराला पुन्हा,
दुसऱ्या बागेत,
जिथे ड्रम मी स्वतः विसळेन.
निघताना काकूंनी अंजिराच्याच पानात
पाच फळं बांधून दिली.
कुठल्या ओळीतली, मी विचारलं नाही.

रात्री बाबांचा फोन.
काय करतेस तिथं नेमकं, त्यांनी पुन्हा विचारलं,
आणि मी पहिल्यांदाच नीट सांगितलं,
जाळ्यातलं ते, फुगेवालं,
ते इथे अंजिरांवर फवारतो आम्ही.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले,
"यंदा लई येतंय. ठेवू का थोडं वाळवून,
ते..."
आणि अडले.
शिवी न देता त्याला काय म्हणायचं,
त्यांना सुचेना.